तुटायची खीळ

आमच्या गावाखालच्या कृष्णेच्या उताराला जो गाळ होता, तसा देवानं दुसरीकडं कुठं केला नाही. केला असता तर ते गाव शिल्लकच राहिलं नसतं. एकदा त्यात एका पाहुण्याचं पायताण रुतलं. ओढून काढलं, तर त्याच्या खालनं आणखी एक पायताण निघालं, आणि त्याच्या खालनं ते शोधायला गेलेला माणूस. त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "बाजार उठला का?" हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ज्यानं सांगितलं त्याच्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढची सालं पावसाची गेली आणि नदीकाठानं ऊस असा माजला की कारखान्याचे ट्रक थेट रानात यायला लागले. येताना रिकामे, म्हणून यायचे नीट. जाताना भरलेले, म्हणून उताराला आले की बसायचे. रुतलेला ट्रक म्हणजे डबक्यात बसलेली म्हैस. शेपटी पिळा, शिव्या द्या, ती आपल्या मर्जीनं उठणार.

ही म्हैस उठवायचं काम हंबीररावाचं. त्याची सारी उमेद फौजेत गेलेली. लढाईत मोडलेल्या, रुतलेल्या गाड्या ओढून माघारी आणायच्या, ही त्याची तिथली नोकरी. पेन्शन घेऊन घरी आला तो पुण्याच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊनच. जीपच्या नाकावर विंच होतं. म्हणजे रहाटासारखा लोखंडी ड्रम, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर, आणि ड्रम फिरवायला जीपचंच इंजिन. दोराच्या टोकाला हूक. हूक रुतलेल्या गाडीत अडकवायचा, ड्रम फिरवायचा, की दोर गुंडाळत येणार आणि दोरामागं गाडी. त्या जीपनं इतक्या लढाया बघितल्या होत्या, की डोक्यावरनं विमान गेलं की ती बंद पडायची, आणि झाडाखाली ढकलत नेल्याशिवाय काही केल्या सुरू व्हायची नाही.

तर एका हंगामात हंबीररावाचा फौजेतला हूक गाळानं गिळला. दोर माघारी आला, हूक आला नाही. नवा घडवायला त्यानं गावच्या धोंडीबा लोहाराला सांगितलं. जाता जाता म्हणाला, "आनि विंचाची एक खीळ बी करून ठेवा, जुनी मोडलीया." दोन्ही कामं सांगितली आणि गेला. खिळीबद्दल आणखी एक वाक्य बोलला असता तर मला आज ही गोष्ट सांगायला मिळाली नसती.

धोंडीबाचं त्या साली वाईट चाललं होतं. आदल्या पेरणीला लालासाहेबाच्या रानात धोंडीबानं केलेला फाळ मधोमध मोडला. लालासाहेब म्हणजे गावातला मोठा बागायतदार, सोसायटीचा चेअरमन. त्यानं पारावर बसून एवढंच म्हटलं, "धोंडीचा हात गेला." बास. आमच्या गावात बोललेला शब्द एसटीच्या आधी शेवटच्या थांब्याला पोचतो. लोक फाळ, कुऱ्हाडी, विळे घेऊन कराडच्या वाटेला लागले. धोंडीबाच्या ऐरणीवर कावळ्यानं अंडी घातली, असं गावात बोलत. मी स्वतः एकच अंडं बघितलं.

तो हूक धोंडीबानं जीव ओतून केला. मोडक्या ट्रकचा आक्सल आणला, तापवला, ठोकला, वळवला आणि लालभडक असताना पाण्यात बुडवला. लोहार त्याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी प्यालेलं लोखंड कडक होतं. भामाबाई, त्याची बायको, भाता ओढत होती. ती म्हणाली, "बास की आता, किती पाजताय?" धोंडीबा म्हणाला, "तू भाता बघ."

हुकाची परीक्षा घ्यायची ठरली. फौजेतली पद्धत हंबीररावाला तोंडपाठ होती. हूक एका जाड बाभळीला साखळीनं अडकवायचा, हुकात दोर, दोर विंचावर. जीप मागनं दुसऱ्या बाभळीला बांधायची, आणि ओढायचं. किती ओढायचं, ते खीळ सांगते. ड्रम आणि त्याला फिरवणारं चाक यांना जोडणारी बोटाएवढी ती खीळ. भार हद्दीबाहेर गेला की ती कट्‌दिशी तुटते, ड्रम मोकळा फिरतो, दोर सैल पडतो. खीळ तुटेपर्यंत हूक टिकला तर हूक पास. आणि ह्या सगळ्यावर एक नियम: दोर जेवढा लांब, तेवढा माणूस लांब. ताणलेली तार सुटली की ती माणसाचे दोन करते. "मी बघितलंय," हंबीरराव म्हणायचा, आणि काय बघितलं ते कधी सांगायचा नाही.

आमच्या गावाची रीत याच्या बरोबर उलटी. मोटेचं कडं नवं केलं, की ज्यानं घडवलं त्यानंच आधी त्याच्यावर लोंबकळत विहिरीत उतरायचं, मग बैल जुंपायचे. पुढं पंप आले, मोटा गेल्या, पण रीत गेली नाही. गाडीची साखळी असो नाहीतर पाळण्याची कडी, लोहारानं तिच्यावर हात ठेवून उभं राहायचं, मग भार घालायचा. भार उतरेपर्यंत हात काढायचा नाही. काढला तर माल खोटा.

परीक्षेच्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा अर्धं गाव नदीच्या बांधावर होतं. धोंडीबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला. बाभळीशी गेला, हुकावर हात ठेवला आणि उभा राहिला.

"धोंडीतात्या, बाजूला व्हा," हंबीरराव म्हणाला.

"का?"

"का म्हंजी? ओढायचं हाय."

"ओढा की. मी कुटं नगं म्हंतोय?"

"आवं, काय तुटलं-बिटलं तर?"

"दोर तुमचा, त्येचं तुमी बगा. हूक माजा हाय. माजा हूक तुटत न्हाई."

लालासाहेब बांधावर छत्री टेकून उभा होता. तो म्हणाला, "हंबीरराव, रीत हाय ती. धोंडी उभा ऱ्हायला आनि हूक टिकला, तर उद्यापासनं माझे समदे फाळ त्येच्याकडं. न्हाई उभा ऱ्हायला, तर कराड काय लांब न्हाई."

"फौजेत असं कुनी केलं तर त्येला कोठडीत टाकत्यात."

"हितं फौज न्हाई. हितं गाव हाय."

हंबीररावानं भामाबाईकडं बघितलं. वाटलं, ती तरी काही बोलेल. ती नदीकडं बघत होती. हंबीरराव जीपकडं वळला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं मला मागनं सांगितलं. तो म्हणत होता, खीळ आहे ना. हुकाला धोका व्हायच्या कितीतरी आधी खीळ तुटणार. म्हाताऱ्याचा मान राहील आणि जीवही.

तरी त्यानं जमेल तेवढी काळजी घेतली. जीपचं बॉनेट उघडून ढालीसारखं उभं केलं. मग बिराप्पा धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं मागितलं.

"कशाला?" बिराप्पा म्हणाला.

"भिजवून दोराच्या मदी टाकायचं. तार सुटलीच तर त्येच्या वजनानं खाली बसती."

"आनि माजं घोंगडं तुटलं म्हंजी?"

"तुजं घोंगडं तुटत न्हाई, बिराप्पा. घेतल्यापासनं धुतलं न्हाईस. आता त्येला लोखंडच म्हनायचं."

बांधावर हशा पिकला. त्या दिवशीचा तो शेवटचा.

जीप हलकी, म्हणून मागच्या बाजूला वजन पाहिजे होतं. जोतीराम पैलवानाला बसवला, कारण तो जोतीराम होता. बिराप्पाला बसवला, कारण घोंगडं भिजल्यापासनं तो त्याच्यावरनं नजर काढायला तयार नव्हता. आणि मला बसवलं. माझं वजन तेव्हा भिजलेल्या कोंबडीएवढं, पण हंबीरराव म्हणाला, "हा खाली ऱ्हायला तर बोलत ऱ्हाईल." मग बोट दाखवून बजावलं, "मी सांगीपातूर कुनी उतरायचं न्हाई. मदीच उतरलासा तर जीप उचलंल, हिसका बसंल. आनि हिसका बसला तर काय हुईल, त्ये बाभळीपाशी उभ्या असलेल्या मानसाला इचारा."

इंजिन सुरू झालं.

दोर आधी गवतात पडून होता. तो उचलला. घोंगड्याच्या भारानं मधी झोळ आला होता, तो हळूहळू कमी व्हायला लागला. घोंगड्यातलं पाणी ठिबकत होतं, ते ताण वाढला तसं धारेनं पडायला लागलं. मागची साखळी ताणली. आम्ही बसलो होतो ती मागची फळी खालनं कुरकुरली. दोर सरळ झाला, मग सरळच्याही पलीकडं गेला, म्हणजे असा ताठ की बघणाऱ्याला आपलेच दात आवळल्यासारखे वाटावेत. आणि मग तो गुणगुणायला लागला. खोटं सांगत नाही. बारीक आवाज, आंब्याच्या मोहरावर माशा घोंगावतात तसा. बाभळीचा पाला वारा नसताना थरथरत होता.

धोंडीबाचा हात हुकावर. तो छाती पुढं काढून लालासाहेबाकडं बघत होता.

आम्ही सगळे त्या एका आवाजाची वाट बघत होतो. कट्.

तो येईना.

इंजिनाचा आवाज खाली गेला, ओझं घेऊन घाट चढणाऱ्या माणसासारखा. दोराची गुणगुण चढत चढत शिट्टीसारखी झाली. मागच्या बाभळीच्या मुळाशी माती उकलली. जोतीराम माझ्या कानाशी म्हणाला, "अजून कशी तुटंना रं?" हंबीररावानं मान तिरकी करून एकदा दोराकडं बघितलं, एकदा ड्रमकडं. मग झटकन इंजिन बंद केलं.

ताण मात्र होता तसाच राहिला. आवाज गेला आणि नुसता ताण राहिला, ते जास्त वाईट होतं.

हंबीररावानं उलटा फिरवायचा दांडा धरला. दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला. एवढ्या भाराखाली चाकांचे दात एकमेकांत असे रुतले होते की दांडा जागचा हलेना. मग तो बाजूनं वाकला आणि खिळीकडं बघत राहिला. 

"तात्या," तो हळू म्हणाला, जणू मोठ्यानं बोललं तर दोराला ऐकू जाईल, "ही खीळ कशाची केली?"

"त्याच आक्सलाची. हुकाची धाकटी भन हाय ती."

"पानी पाजलं?"

"म्हंजी काय? हुकाला पाजलं तेवढंच तिला बी. मऊ लोखंडाचं काम मी देत न्हाई. तुमची गाडी मोडंल, खीळ मोडायची न्हाई."

"आवं, ती मोडायसाठीच असती."

धोंडीबाला खरंच कळेना. "मोडायसाठी? मोडायसाठी कोन घडवतंय व्हय?"

आता यात चूक कुणाची म्हणायची? वर्षभर ज्याच्या मोडलेल्या फाळाची चर्चा पारावर चालली, त्या लोहाराकडनं कुणी मोडणारी वस्तू घडेल का? आणि फौजेत जन्म काढलेल्या माणसाला वाटलं, खीळ म्हणजे मऊ, हे जगात सगळ्यांना ठाऊकच असतं.

"बरं," हंबीरराव म्हणाला. "आता हात काढा, आनि माझ्याकडं न बघता सरळ बांधावर जावा."

"भार उतरला?"

"न्हाई उतरला. उतरंना झालाय."

"मग हात कसा काढू?"

"तात्या, खीळ तुटनार न्हाई. आता काय तुटंल, कवा तुटंल, मला सांगता येत न्हाई. ऊन तापतंय, तार तापती. जावा."

बांधावरनं लालासाहेबाचा आवाज आला. मघाचा जोर त्यात नव्हता. "धोंडी, बास झालं. ये हिकडं."

"आज आलो तर उद्या पारावर काय बोलशीला, त्ये मला ठावं हाय लालासाहेब," धोंडीबा म्हणाला आणि हुकावरचा हात आणखी घट्ट केला.

हंबीररावानं करवत काढली. खीळ कापली की ड्रम सुटणार, दोर सैल पडणार. मडगार्डाच्या आडोशाला राहून, हात लांब करून तो खिळीवर करवत चालवायला लागला. शेवाळावरनं पाय घसरावा तसं पातं घसरत होतं. करकर आवाज यायचा आणि तो आवाज दोरातनं पार बाभळीपर्यंत जायचा. पात्याचे दात गेले. दुसरं पातं लावलं, त्याचेही गेले. खिळीवर ओरखडासुद्धा नाही.

बाभळीपासनं धोंडीबा म्हणाला, "माजं पानी हाय त्येला." म्हातारा हसत होता हो. मरणाच्या दारात उभा राहून आपल्या खिळीचं कौतुक करत होता.

"मग तुमीच या," हंबीरराव म्हणाला. "तुमचं लोखंड तुमचंच ऐकंल. घण घिऊन या."

"हात—"

"घाला चुलीत त्यो हात."

तेवढ्यात भामाबाई बांधावरनं उतरली.

हंबीररावानं तिला बघितलं आणि हात आडवा केला. "वैनी, हितं येऊ नगा. जागेवर ऱ्हावा." ती थांबली नाही. घाईही केली नाही. पाण्याची घागर घेऊन चालावं तशी चालत बाभळीपाशी गेली, पदर खोचला आणि नवऱ्याच्या हाताशेजारी हुकावर आपला हात ठेवला.

"जावा," ती धोंडीबाला म्हणाली. "खीळ तोडून या."

"तू कशाला आलीस?"

"भाता कुनी वडला? मी. निम्मा हूक माजा हाय. माजा हात हाय हितं, रीत मोडत न्हाई." मग बांधाकडं तोंड करून म्हणाली, "का वो लालासाहेब, मोडती का?"

"न्हाई," लालासाहेब म्हणाला.

धोंडीबानं बायकोकडं बघितलं, मग हात काढला. हंबीररावानं त्याला दोराच्या कडेनं येऊ दिलं नाही, लांबनं वळसा घालून जीपकडं आणलं. घण दिला. धोंडीबा मडगार्डाच्या बाजूला उभा राहिला, वाकला आणि खिळीवर बोट फिरवलं. लोहाराचं बोट. मी मागनं वाकून बघत होतो. बिराप्पा माझ्या पाठीला धरून खंडोबापासनं बिरोबापर्यंत सगळ्या देवांना हाका मारत होता, आणि देव संपले तसा पाहुण्यांची नावं घ्यायला लागला.

धोंडीबा म्हणाला, "करवतीचं काम न्हाई. आडवा घण बसला की झालं."

त्यानं घण उचलला. खांद्यापर्यंत नेला. आणि थांबला.

घण वर तसाच, आणि त्याची नजर दोरावरनं घसरत, घोंगड्यावरनं पलीकडं, पार बाभळीपर्यंत गेली. तिथं भामाबाई उभी होती. हूक तिच्या छातीच्या उंचीला. त्याच्यावर तिचा हात, हिरव्या बांगड्यांचा.

घण हळूहळू खाली आला.

"भामे, हात काढ."

"का?"

"काढ म्हंतो न्हवं."

"भार उतरला का?"

"न्हाई उतरला."

"मग कसा काढू? मगाशी तुमाला समद्यांनी सांगितलं, तवा तुमी काढला का?"

"माजं येगळं."

"काय येगळं?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमच्या हुकाला तुमी भ्येला न्हाईसा. मी कशाला भिऊ?"

 धोंडीबानं बांधाकडं बघितलं. अर्धं गाव उभं होतं, पुढं लालासाहेब. जे बोलायचं होतं ते एकदा तोंडातनं निघालं की परत घेता येणार नव्हतं. कराडची वाट मग सगळ्या गावाला कायमची मोकळी. दोर वाजत होता. मध्येच त्यातनं एक तुटकी तार टिंग करून सुटली आणि काट्यासारखी उभी राहिली. हंबीररावानं डोळे मिटले.

"पानी जास्त झालंय," धोंडीबा म्हणाला.

ते बांधापर्यंत पोचलं नाही.

"हुकाला पानी जास्त पाजलंय मी," तो मोठ्यानं म्हणाला. "फाळ मोडल्यापासनं समद्यालाच जास्त पाजतोय. वाटायचं, अजून कडक, अजून कडक. खीळ बी तशीच, हूक बी तसाच. काचंवानी झाल्यात. म्हनून तर घणानं फुटंल म्हनलो. पर हितं घण मारला की तितं काय हुईल, मला सांगता येत न्हाई. हात काढ भामे. लांब जा. लय लांब जा."

भामाबाईनं एक क्षण नवऱ्याकडं बघितलं. मग हात काढला. अगदी अलगद, एकेक बोट उचलत. वळली आणि मागं न बघता चालत गेली, बांधापर्यंत, बांधाच्या पलीकडं. बांधावरची माणसंही तिच्या मागनं सरकली. लालासाहेब सगळ्यात पुढं सरकला.

बाभळीपाशी आता कुणी नव्हतं. जीपच्या तोंडाशी मात्र धोंडीबा होता. तार सुटली तर ती तिकडंच येणार, हे त्याला कळत होतं.

"मी मारतो," हंबीरराव म्हणाला.

"तुमाला कुटं मारायचा कळनार न्हाई."

"तात्या, बॉनेटच्या मागं उभं राहून मारा. हात तेवढा पुढं."

त्यानं तसं केलं. जोतीराम पैलवानानं माझा दंड धरला. त्याच्या बोटांचे वळ अजून आहेत, हवं तर दाखवतो. धोंडीबानं घण आडवा फिरवला.

कट्.

आवाज आला, पण ड्रमकडनं नाही. बाभळीकडनं आला.

हुकाचे दोन तुकडे झाले. अर्धा साखळीत राहिला, अर्धा कुठं गेला तो आजतागायत सापडला नाही. दोर बाभळीकडनं सुटला आणि निघाला. एवढा मोठा दोर, पण दिसला असा नाहीच. घोंगडं दिसलं. काळं, भिजलेलं, हवेत उठलेलं, आणि त्यानंच त्या दोराला मानेला धरून खाली दाबलं. दोर जीपच्या चार हात अलीकडं जमिनीवर आपटला आणि मातीत असा चर पडला की बी टाकलं असतं तर उगवलं असतं. शेवटचं टोक तेवढं उसळून बॉनेटवर बसलं. ताशा फुटल्यासारखा आवाज झाला.

इकडं ओढ सुटल्याबरोबर जीप पाठीमागं उडाली. आम्ही तिघं तिच्यापेक्षा जास्त उडालो. जोतीराम उसात पडला. बिराप्पा जोतीरामावर पडला. मी कुठं पडलो ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सांगत नाही. एवढंच सांगतो की परत यायला मला दुपार झाली.

पण उडता उडता मी खाली बघितलं होतं. धोंडीबा मडगार्डाला पाठ लावून बसला होता. घण मांडीवर. डोळे उघडे. हंबीरराव त्याच्या अंगावरनं हात फिरवत विचारत होता, "लागलं का? तात्या, लागलं का?" आणि तो म्हणत होता, "खीळ बगा की. खीळ तुटली का?"

खीळ तशीच होती. जी तुटायची ती राहिली, आणि जो राहायचा तो तुटला.

बाभळीची साल छातीच्या उंचीला हातभर निघाली होती. आतलं लाकूड ओलं, लालसर दिसत होतं. भामाबाई तिथं गेली, ते बघितलं. पदर सोडून परत नीट खोचला.

धोंडीबा उठला. साखळीतला अर्धा हूक काढला आणि सरळ लालासाहेबाकडं गेला. लोक वाट देत मागं सरले. मोडलेली बाजू त्यानं उन्हाकडं धरली.

"बगा."

"काय बगू?"

"दाना बगा. साखरंवानी चकाकतोय. पानी जास्त झालं की असा हुतोय."

लालासाहेबानं बघितल्यासारखं केलं. मग विचारलं, "आनि माजा फाळ?"

"त्येचं ठावं न्हाई. तुमच्या रानात दगूड हुता का माजी चूक हुती, देव जाने. तवा हात गेला न्हवता लालासाहेब. तुमी बोलला तवापासनं भ्याला."

लालासाहेब छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिला.   मग तो म्हणाला, "फाळ पाठवून देऊ का सांच्याला?"

"नगं," धोंडीबा म्हणाला. "आदी हंबीररावाची खीळ करायची हाय."

ती खीळ त्याच्या हातून होईना. आयुष्यात एवढं अवघड काम त्यानं केलं नव्हतं. मऊ लोखंड घ्यायचा, ऐरणीवर ठेवायचा आणि दोन घाव घातले की हात आपोआप पाण्याच्या डोणीकडं जायचा. भामाबाई भाता सोडून डोणीवर फळी टाकून बसली, तेव्हा कुठं एक खीळ बिनपाण्याची निघाली. हूक नवा केला त्याला मात्र पाणी पाजायचं होतं, आणि किती ते भामाबाईनं ठरवलं.

परत बाभळ, परत दोर, परत बिराप्पाचं घोंगडं. या वेळी जोतीरामाच्या जागी वाळूची पोती टाकली होती आणि माझ्या जागी कुणीच नव्हतं. सगळं गाव दोराच्या लांबीएवढं लांब. धोंडीबाही. त्याला हात कुठं ठेवावा ते सुचेना. आधी पाठीमागं बांधला, मग डोक्यावर ठेवला. शेवटी भामाबाईनं तो धरला आणि सगळ्यांदेखत धरूनच ठेवला.

दोर उठला, ताठ झाला, गुणगुणायला लागला. आणि मग ड्रमकडनं आवाज आला, कट्. दोर गवतात पडला.

हंबीरराव हुकाकडं गेला. खाली वाकून, बोट फिरवून, सगळीकडनं बघितला. एकही चीर नव्हती. पण धोंडीबा तिकडं गेलाच नाही. तो विंचाकडं गेला. खिळीचे दोन तुकडे उचलले, तळहातावर ठेवले.

"ह्ये पास का नापास?" त्यानं विचारलं.

"पास," हंबीरराव म्हणाला.

"तुटली की."

"म्हनूनच पास."

धोंडीबानं तुकडे खिशात टाकले आणि मान हलवली. "फौज लय येडी हाय गड्या," तो म्हणाला, आणि लालासाहेबाला हाक मारून विचारलं, फाळ कवा पाठवतासा.